फ्री ट्रायल आणि परस्पर कापले जाणारे पैसे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओटीटी, गोष्टी ऐकण्याची ॲप, इंग्रजी शिकवणारी ॲप, फोटो सुधारणारी, पत्रिका बघणारी, व्यायाम करून घेणारी. सगळीकडे सुरुवात एकच : ‘७ दिवस फुकट’ किंवा ‘फक्त ₹१ मध्ये’. आठव्या दिवशी बँकेचा एसएमएस येतो आणि मग विचारपूस सुरू होते. अशा वेळी लोक जे विचारतात ते इथे घेतलं आहे. नियम भारतातले आहेत. परदेशातल्या मुलाबाळांसाठीही एक प्रश्न आहे.

फुकटच द्यायचं आहे, तर कार्ड किंवा यूपीआय कशाला मागतात?

कारण त्या दिवशी तुम्ही नुसतं काही फुकट घेत नसता, पुढे पैसे कापायची परवानगीही देत असता. या परवानगीला बँकेच्या भाषेत ई-मँडेट म्हणतात, यूपीआयवर तिचंच नाव ऑटोपे. यूपीआय ऑटोपे जुलै २०२० मध्ये आलं. कार्डांसाठी रिझर्व्ह बँकेचे कडक नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून पूर्णपणे लागू झाले. त्यांचा गाभा असा : परवानगी देताना एकदा ओटीपी किंवा पिन टाकावाच लागतो, पण त्यानंतर ₹१५,००० पर्यंतची प्रत्येक कपात ओटीपीशिवाय होते. आधी ही मर्यादा ₹५,००० होती, जून २०२२ मध्ये वाढवली. विम्याचा हप्ता, म्युच्युअल फंडाची एसआयपी आणि क्रेडिट कार्डाचं बिल यांच्यासाठी ती ₹१ लाख आहे.

म्हणून ‘मला ओटीपी आलाच नाही, मग पैसे गेले कसे?’ या तक्रारीत फारसा दम नसतो. ओटीपी किंवा पिन पहिल्याच दिवशी दिलेला असतो. सावध व्हायचं ते तिथे, आठव्या दिवशी नाही.

मी तर ₹२ भरले होते. ₹४९९ कसे गेले?

₹२ ही खात्री करून घेण्याची रक्कम होती. बरेचदा ती परतही येते आणि त्यामुळे आपण आणखी निर्धास्त होतो. खरा व्यवहार त्याच पडद्यावर, त्याच पिनने झालेला असतो.

पुढच्या वेळी तो पडदा नीट बघा. वर ॲपवाल्या कंपनीचं नाव असतं, कधीकधी ॲपच्या नावाशी अजिबात न जुळणारं. त्याखाली ठळक अक्षरांत आत्ताची रक्कम, ₹२. मग बारीक अक्षरांत चार-पाच ओळी : कमाल रक्कम ₹१,९९९ पर्यंत, वारंवारता दरमहा किंवा ‘मागणी येईल तेव्हा’, सुरू होण्याची तारीख, संपण्याची तारीख, जी कित्येक वर्षांनंतरची असू शकते. आपला अंगठा तोवर पिनच्या आकड्यांवर पोचलेला असतो.

‘पर्यंत’ हा तिथला सगळ्यात महागडा शब्द. आज महिना ₹१९९ सांगितले असले, तरी परवानगी ₹१,९९९ ची असेल तर उद्या वर्षाचा प्लॅन त्याच परवानगीत बसतो, नवा पिन मागावा लागत नाही. जाहिरातीत सांगितलेली रक्कम आणि या ओळीतली रक्कम यांचा ताळमेळ बसत नसेल, तर मागे फिरा. ट्रायल कुठे पळून जात नाही, पुढच्या महिन्यात हेच लोक पुन्हा बोलावतील.

कापण्याआधी कळवायला नको का?

हवं. कपातीच्या किमान २४ तास आधी सूचना देणं बंधनकारक आहे. तिच्यात कोण कापणार, किती, कधी, कशासाठी आणि संदर्भ क्रमांक हे सगळं लागतं, शिवाय ती कपात किंवा पूर्ण मँडेट नाकारायची सोयही. फास्टॅग आणि मेट्रो-बसच्या नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्डात आपोआप पैसे भरण्याला यातून सूट आहे, पण ट्रायलशी त्याचा संबंध नाही.

मग सूचना दिसत का नाही? ती बहुधा इंग्रजीत येते आणि कर्जाच्या, सेलच्या, रिचार्जच्या पन्नास एसएमएसच्या गर्दीत येते. आणि ती बँकेत नोंदवलेल्या नंबरवर जाते. खातं उघडताना वडिलांचा नंबर दिला होता आणि आता ते गावी असतात, असं असेल तर सूचना तिकडे वाजते, पैसे इकडे जातात. बँकेतला नंबर बरोबर आहे ना, हे आधी बघा. मग फोनच्या एसएमएस पेटीत ‘मँडेट’ आणि ‘ऑटोपे’ हे शब्द इंग्रजी स्पेलिंगने शोधा. आपण विसरलेल्या दोन-तीन गोष्टी तिथे हमखास निघतात.

आणखी एक : सूचना आल्यावर ‘उद्या दुपारी बघू’ म्हणू नका. ऑगस्ट २०२५ पासून यूपीआय ऑटोपेच्या कपाती गर्दीच्या वेळा सोडून होतात, म्हणजे सकाळी १० च्या आधी, दुपारी १ ते ५ मध्ये किंवा रात्री साडेनऊनंतर. तुम्ही चहा घेत असता तेव्हाच काम झालेलं असू शकतं.

ॲप काढून टाकलं, तरी पैसे का कापले?

ॲप फोनवर असतं, सबस्क्रिप्शन तुमच्या गुगल, ॲपल किंवा कंपनीच्या खात्यावर. ॲप काढलं की फक्त चिन्ह जातं.

अँड्रॉइडवर प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडे आपल्या चित्रावर टिचकी मारा, ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’ आणि मग ‘सबस्क्रिप्शन्स’. आयफोनवर सेटिंग्ज, वर आपलं नाव, ‘सबस्क्रिप्शन्स’. फोनमध्ये दोन जीमेल खाती असतील तर दोन्ही तपासा, कारण यादी खात्यागणिक वेगळी असते.

तिथे नाव नसेल तर नोंदणी ॲपच्या आतून किंवा वेबसाइटवरून थेट कंपनीकडे झाली आहे. भारतीय ॲपमध्ये हे फार आढळतं. मग रद्दही तिथूनच करावं लागतं. ओटीटी मोबाइलच्या रिचार्जबरोबर मिळालं असेल तर मोबाइल कंपनीच्या ॲपमध्ये. थोडक्यात, ज्या दारातून आत गेलात त्याच दारातून बाहेर.

सबस्क्रिप्शन रद्द करायचं की मँडेट?

दोन्ही, आणि याच क्रमाने. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लक्षात आलं की अर्धा गोंधळ संपतो.

सबस्क्रिप्शन हा तुमचा आणि ॲपवाल्यांचा व्यवहार. मँडेट ही तुम्ही बँकेला दिलेली परवानगी. नुसतं मँडेट बंद केलंत, तर पैसे जाणार नाहीत, पण कंपनीच्या वहीत तुम्ही ग्राहकच राहता. वर्षाचा करार करून महिन्याला हप्ता देण्याची योजना घेतली असेल, तर ते उरलेल्या महिन्यांची मागणीही करू शकतात. उलट, नुसतं सबस्क्रिप्शन रद्द केलंत, तर बहुतेक वेळा भागतं. पण परवानगी तशीच पडून राहते आणि तिकडे काही घोळ झाला तर पैसे तुमचेच जातात.

म्हणून आधी ॲपमध्ये रद्द करा. ‘रद्द झालं’ असं लिहिलेल्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट घ्या, मेल आला तर जपून ठेवा. मग मँडेट. गुगल पे, फोनपे, पेटीएम, भीम या सगळ्यांत प्रोफाइलमध्ये किंवा पेमेंट सेटिंग्जमध्ये ऑटोपेची यादी असते. ज्या ॲपमधून परवानगी दिली त्यात आधी बघा. तिथे ‘पॉज’ आणि ‘कॅन्सल’ किंवा ‘रिव्होक’ असे पर्याय दिसतील. पॉज म्हणजे तात्पुरतं थांबवणं, आपल्याला कॅन्सल हवंय. रद्द करताना यूपीआय पिन मागतील, ते बरोबरच आहे.

कार्डावरचं मँडेट बँकेच्या ॲपमध्ये ‘स्टँडिंग इन्स्ट्रक्शन’ किंवा ‘ई-मँडेट’ या नावाखाली सापडतं. बऱ्याच बँका त्यासाठी ‘एसआय हब’ नावाच्या वेगळ्या पानावर पाठवतात. ते पान बँकेच्या ॲपमधून किंवा साइटवरूनच उघडा, एसएमएसमधल्या अनोळखी लिंकवरून नाही. या सोयीसाठी बँकेला तुमच्याकडून शुल्क घेता येत नाही.

ट्रायल घेतली आणि लगेच रद्द केली, तर उरलेले दिवस जातात का?

प्ले स्टोअरवरून घेतलेल्या बहुतेक ट्रायल रद्द केल्यानंतरही मुदतीपर्यंत चालतात, म्हणून घेतल्या घेतल्या रद्द करणं हा सगळ्यात सोपा उपाय. ॲपलच्या स्वतःच्या काही सेवा मात्र रद्द करताच बंद होतात. रद्द करतानाच्या पडद्यावर ‘अमुक तारखेपर्यंत वापरता येईल’ अशी ओळ आहे का ते बघा. नसेल तर कॅलेंडरमध्ये मुदतीच्या दोन दिवस आधीची आठवण लावा. ॲपलच्या बाबतीत मुदत संपायच्या किमान २४ तास आधी रद्द करावं लागतं, शेवटच्या संध्याकाळी केलेली धावपळ वाया जाते.

खात्यात पैसेच ठेवले नाहीत तर?

ही युक्ती पुष्कळ जण सांगतात. फारशी कामाची नाही. यूपीआय ऑटोपेची कपात फसली तर आणखी तीनदा प्रयत्न होऊ शकतो आणि मँडेट जिवंत असेल तर पुढच्या महिन्यात पुन्हा. पगार जमा झाला त्याच दिवशी ॲपचे पैसे गेले, असंही होतं. जिमच्या सदस्यत्वासारख्या ठिकाणी नॅच मँडेट, म्हणजे थेट बँक खात्यातून हप्ता कापायची परवानगी, दिलं असेल, तर खात्यात शिल्लक नसल्याबद्दल बँक वर दंड लावते, तो वेगळाच.

मग ट्रायल घेताना नेमकं काय बघावं?

आधी मुदतीनंतरची रक्कम. ती ‘महिना ₹९९’ अशी मोठ्या अक्षरांत असते आणि खाली ‘वार्षिक आकारणी ₹१,१८८’ असं बारीक. महिन्याचा दर वाचून वर्षाचे पैसे एकदम गेले, हा प्रकार इतका सरसकट आहे की पहिली शंका हीच घ्यावी. दर जीएसटीसह आहे का तेही बघा, कारण अशा सेवांवर १८ टक्के आहे आणि ₹९९९ चे ₹१,१७९ होतात.

मग, पैसे कुठून जाणार. नेहमीचं पगाराचं खातं अशा कामाला देऊ नये. दुसऱ्या बँकेत एखादं कमी शिलकीचं खातं असेल तर ऑटोपे त्यावर. कार्ड द्यायचंच असेल तर बँकेच्या ॲपमध्ये ऑनलाइन व्यवहारांची मर्यादा कमी करा. कार्डाचे ऑनलाइन आणि आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू-बंद करायची सोय ऑक्टोबर २०२० पासून सगळ्या बँकांना द्यावी लागते. ती फार थोडे लोक वापरतात, याचं नवल वाटतं.

आणि ज्या सेवेचं साधं फुकट रूप चालतं तिथे ट्रायल घेऊच नका. पीडीएफ जोडायला, फोटोची पार्श्वभूमी काढायला महिन्याचं सबस्क्रिप्शन लागत नाही.

परदेशी साइटवर ओटीपी न विचारताच पैसे गेले. असं कसं?

आपला ओटीपीचा आग्रह बाहेरच्या सगळ्या व्यापाऱ्यांना लागू होत नाही. कार्ड क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर काही साइट पैसे घेतात. दरमहा आपोआप कपात करायची तर त्यांनाही भारतीय कार्डावर मँडेटचा नियम पाळावा लागतो. पण एकेक सुटा व्यवहार म्हणून आलेली मागणी वेगळी वाट काढू शकते. शिवाय डॉलरमधल्या रकमेवर बँक परकीय चलनाचं शुल्क लावते आणि त्या शुल्कावर जीएसटी. ट्रायलपुरता आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करा, काम झालं की बंद.

रद्द करायचं बटणच सापडत नाही. हे कायद्यात बसतं का?

नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्नविरोधी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत फसव्या रचनेचे १३ प्रकार नावानिशी दिले आहेत आणि ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ हा त्यातलाच एक. रद्द करणं अशक्य किंवा लांबलचक करणं, त्याचा पर्याय लपवणं, सूचना गोंधळाच्या ठेवणं, हे सगळं त्यात येतं. ‘नको, मला पैसे वाचवायचे नाहीत’ अशी लाज वाटायला लावणारी बटणंसुद्धा निषिद्ध आहेत. आधीच टिक केलेला चौकोन संमती म्हणून चालणार नाही, हे तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतच आहे.

गंमत अशी की फुकट सेवेसाठी पैसे भरण्याचे तपशील किंवा ऑटो-डेबिटची परवानगी सक्तीने मागणं, हेही त्याच तत्त्वांत सबस्क्रिप्शन ट्रॅपच्या व्याख्येत लिहिलं आहे. म्हणजे कागदावर बघितलं तर रोज दिसणाऱ्या कितीतरी ट्रायल त्यात अडकतात. प्रत्यक्षात चालू आहेत. म्हणूनच तक्रार करताना या तत्त्वांचं नाव घेऊन करावी, नुसतं ‘मला फसवलं’ लिहून नाही.

पैसे गेले. परत मिळतील का?

मिळू शकतात, त्याच दिवशी हललात तर शक्यता चांगली.

प्ले स्टोअरवरून घेतलं असेल तर ४८ तासांच्या आत गुगलकडे परताव्याची मागणी करा, नंतर ॲपवाल्यांकडे जा म्हणतात. ॲपलचं ‘रिपोर्ट अ प्रॉब्लेम’ नावाचं पान आहे. थेट कंपनीशी व्यवहार असेल तर ॲपमधल्या चॅटबरोबरच तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल करा. ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण व्हायला हवं. मेलमध्ये रागापेक्षा तारखा जास्त असू द्या. असं काहीसं :

‘दि. ३ रोजी मी ७ दिवसांची ट्रायल घेतली. दि. ८ रोजी रद्द केली, स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे. दि. १० रोजी ₹१,४९९ कापले गेले. व्यवहार क्रमांक सोबत आहे. रद्द केल्यानंतरची ही आकारणी असल्याने पूर्ण रक्कम परत करावी. २०२३ च्या डार्क पॅटर्न मार्गदर्शक तत्त्वांनुसार हा सबस्क्रिप्शन ट्रॅप ठरतो. परतावा न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार नोंदवीन.’

बँकेकडे जाण्याआधी आपली बाजू ओळखा. मँडेट तुम्हीच दिलं आणि मुदत विसरलात, तर बँक ‘अधिकृत व्यवहार’ म्हणून हात झटकेल आणि नियमाने ती चुकत नसेल. बाजू भक्कम असते ती अशी : आधी रद्द केल्याचा पुरावा आहे, २४ तासांची सूचना आलीच नाही, किंवा मंजूर केल्यापेक्षा जास्त रक्कम गेली. यातलं काही असेल तर लेखी तक्रार द्या आणि क्रमांक घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८.

कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. मराठीत बोलता येतं. हेल्पलाइन निकाल देत नाही, कंपनीपर्यंत तक्रार पोचवते, पण तेवढ्यानेही पुष्कळांचे पैसे परत येतात. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. ₹५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही, दोन वर्षांची मुदत आहे, अर्ज ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या करता येतो. ₹४९९ साठी आयोगात जावं का? बहुतेकांना वेळ परवडत नाही आणि कंपन्यांचा हिशेब त्यावरच चालतो.

आईच्या साध्या फोनचा बॅलन्स रोज थोडा थोडा जातो. हेही तसंच का?

जवळपास. कॉलरट्यून, ज्योतिष, क्रिकेटचे निकाल अशा सेवा एखादं बटण दाबलं की लागतात. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या २०१३ च्या आदेशानुसार अशी सेवा सुरू करण्यापूर्वी ग्राहकाची दोनदा संमती घ्यावी लागते. १५५२२३ या टोल-फ्री क्रमांकावर कोणती सेवा चालू आहे ते कळतं आणि तिथूनच ती बंद करता येते.

घरातल्या स्मार्ट टीव्हीचंही एकदा बघून घ्या. रिमोट नातवाच्या हातात असतो आणि टीव्हीला जोडलेलं गुगल खातं आजोबांचं. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागायची सोय आहे, ती चालू ठेवा.

मुलगी अमेरिकेत शिकते. तिथे काय नियम?

तिथे ओटीपी नाही, आधीचा एसएमएस नाही, म्हणून जास्त जपावं लागतं. ‘जितक्या सहज नोंदणी, तितक्या सहज रद्द’ असा नियम फेडरल ट्रेड कमिशनने ऑक्टोबर २०२४ मध्ये केला होता, तो लागू होण्याआधीच जुलै २०२५ मध्ये अपील न्यायालयाने रद्द ठरवला. २०१० चा जुना कायदा मात्र आहे : अटी स्पष्ट सांगा, स्पष्ट संमती घ्या, थांबवायचा सोपा मार्ग द्या. त्याच आधारावर ॲमेझॉन प्राइमच्या प्रकरणात सप्टेंबर २०२५ मध्ये २.५ अब्ज डॉलरची तडजोड झाली, त्यातले १.५ अब्ज ग्राहकांना परत देण्यासाठी. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांचे स्वतःचे कायदे आणखी कडक आहेत.

तिला एक आवर्जून सांगा : कार्ड बदललं म्हणजे कपात थांबली असं तिकडे नसतं. कार्ड कंपन्या नव्या कार्डाचे तपशील जुन्या व्यापाऱ्यापर्यंत आपोआप पोचवतात.

‘तुमचं सबस्क्रिप्शन उद्या ₹४,९९९ ला रिन्यू होईल, रद्द करायला फोन करा’ असा मेसेज आलाय. खरा का?

दिलेल्या नंबरवर फोन करू नका. आपलं यूपीआय ॲप स्वतः उघडून ऑटोपेची यादी बघा, मग बँकेच्या ॲपमधली मँडेट, मग प्ले स्टोअर किंवा ॲपलची यादी. कुठेच ते नाव नसेल तर मेसेज खोटा समजा. गुगलवर ‘कस्टमर केअर’ शोधून मिळालेले नंबरही भरवशाचे नसतात, नंबर कंपनीच्या ॲपच्या आतूनच घ्या.

पलीकडचा माणूस स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला सांगू लागला, की फोन ठेवा. मँडेट रद्द करायला पिन लागतो हे खरं आहे आणि हे चोर त्याचाच फायदा घेतात. पिन टाकायचा तो आपण स्वतः उघडलेल्या ॲपमध्ये, कुणी फोनवर सांगतंय म्हणून नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर सायबर तक्रार करा आणि बँकेला त्याच दिवशी कळवा. तुमची चूक नसलेल्या बाहेरच्या फसवणुकीत तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भुर्दंड नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे. पिन किंवा ओटीपी स्वतः सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. त्यामुळे शाखा उघडायची वाट बघत बसू नका.